फुटबॉलचा सामना कुठे भरवावा: अंधेरीत की नेरूळला?

मुंबईत मोठा सामना भरवायचा तर आयोजकापुढे खरे दोनच पर्याय राहतात. अंधेरीचं शहाजीराजे क्रीडासंकुल, नाहीतर नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. कूपरेजचं मैदान चर्चगेटहून चालत पंधरा मिनिटांवर आहे, पण प्रेक्षक मावतात पाचेक हजार. शाळा-कॉलेजच्या स्पर्धांना ते पुरतं.

अंधेरीत साधारण सात हजारांची सोय होते, नेरूळला त्याच्या कितीतरी पट. इंडियन सुपर लीगमधला मुंबईचा संघ मुंबई सिटी एफसी पहिले दोन मोसम नेरूळला खेळला आणि २०१६ ला अंधेरीत आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदी अरेबियाच्या अल-हिलालविरुद्धचा आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना मात्र नेरूळला झाला. त्यांचा जखमी नेमार आला नव्हता, तरी ३० हजारांच्या घरात लोक जमले. एरवीच्या लीग सामन्याला एवढी गर्दी होत नाही, आणि पाच हजार माणसं नेरूळच्या स्टँडमध्ये विखुरली की आवाजच उठत नाही.

शिवाय नेरूळचं मैदान क्रिकेटचं. त्यात १०५ बाय ६८ मीटरचा आयत आखला की पहिली रांगसुद्धा टचलाइनपासून, म्हणजे बाजूच्या रेषेपासून, दूर पडते. मधल्या खेळपट्टीवर हिरवळीचे पट्टे बसवावे लागतात. मुळं धरायच्या आत सामना घेतला तर सांधे उचकटतात, चेंडू वेडावाकडा उसळतो आणि खेळाडूंचे घोटे जातात.

उपनगराबाहेर पार्किंगला जागा मिळते, हा मुद्दा नेहमी पुढे येतो. एका गाडीला ये-जा करायच्या वाटेसकट २५ चौरस मीटर धरा. २,००० गाड्यांना १२ एकरांहून जास्त जागा लागते, म्हणजे खेळाच्या मैदानाच्या सातपट! एवढं करून सोय होते सहा-सात हजार माणसांची. बाकीचे लोकलनेच येणार.

म्हणून खरी परीक्षा सामना सुटल्यावर. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे स्टँड जास्तीत जास्त आठ मिनिटांत रिकामा व्हायला हवा, आणि एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ माणसं जातात असं धरतात. ३० हजारांसाठी सगळे दरवाजे मिळून ४६ मीटर रुंदी हवी. दरवाजे पुरले तरी पुढे नेरूळ स्टेशनचा जिना तुंबतोच, कारण १२ डब्यांची लोकल खच्चून भरली तरी चार-पाच हजारच नेते. ठाणे-डोंबिवलीकरांना ठाण्याहून नेरूळला येणारी ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची. बोरिवलीकराची मात्र रात्री दोनदा गाडी बदलताना दमछाक होते.

अंधेरीत आझाद नगर मेट्रो जवळच आहे. गाडी चारच डब्यांची, तरी सात हजारांची गर्दी पाच-सहा फेऱ्यांत उपसली जाते. दहिसरकडचे लोक डी. एन. नगरला मार्ग बदलतात. तुंबतो तो वीरा देसाई रोड, रिक्षांनी. सुटायच्या वेळी गेटसमोर रिक्षा उभ्या राहू देऊ नका, एवढं पोलिसांशी आधीच बोलून ठेवा.

लीगसाठी अंधेरीच घ्यावं. १५ हजारांवर तिकिटं खपण्याची खात्री असेल, तरच नेरूळ. तिथे रविवार धरलात तर हार्बर लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात ती वेळ) पाहून वेळ ठरवा: ब्लॉक बहुधा दुपारी चारच्या सुमारास सुटतो, आणि पाचला किक-ऑफ ठेवलात तर निम्मे प्रेक्षक पहिला गोल कुर्ल्याच्या फलाटावर मोबाइलवर पाहतील.