धार लावायच्या नावाखाली मला 7,700 रुपयांची टोपी

आधी आकडे सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की शंभर-दोनशेसाठी रडतेय. बागेच्या हत्यारांचं वार्षिक मेंटेनन्स पॅकेज 4,500, लॉन मोव्हरचं "नवीन ओरिजिनल" पातं 2,850, छाटणीच्या करवतीला धार 350. एकूण 7,700, सगळे ऑनलाइन आणि सगळे आगाऊ. ही धार लावून देणारी मंडळी कशी येतात ते तुम्हाला माहितीच आहे, आधी फुकट चेकिंग, मग "ताई, पात्याला क्रॅक आहे, चालू असताना उडालं तर पाय जाईल". क्रॅक गेलेलं पातं वापरू नये हे खरंच आहे हो, म्हणून तर पटलं.

हत्यारं परत आली ती अगदी चकाचक. सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, हातात घेऊन त्या धारवाल्याने कागद कापून दाखवला, सर्रकन. इथे कोणीही फसलं असतं. ग्राइंडरवर घासलं की काठावर जी कागदासारखी पातळ कड उभी राहते ती नीट काढली नाही तरी कागद झकास कापला जातो, आणि पहिल्याच फांदीला ती कड दुमडते. धार बघायची तर हिरवी फांदी कापायला लावा, त्याच्याच हाताने, पैसे द्यायच्या आधी.

पण माझ्या डोक्यात जातं ते वेगळंच. सिकेटरच्या पात्याच्या काठाला निळा पट्टा दिसत होता, आतल्या बाजूला पिवळट होत गेलेला. मी विचारलं. विचारलं होतं मी, एवढी काही बावळट नाहीये! तर म्हणे ताई हे हार्डनिंग आहे, म्हणजे पोलाद तापवून कडक केलंय, आणि माझीच करवत उचलून पुढे धरली, बघा हिचे पण दात निळे-काळेच आहेत ना, कंपनी पण असंच करते. आता त्या करवतीच्या दातांचा रंग खरोखरच हार्डनिंगचा असतो, दातांची टोकं क्षणभर तापवून लगेच गार करतात, ती इतकी कडक होतात की कानस नुसती घसरते, म्हणजे त्या करवतीला धार लावताच येत नाही, बोथट झाली की पातं बदलायचं. आणि हा माणूस तिच्याच धारेचे 350 घेऊन वर तिलाच साक्षीला उभी करत होता आणि मी मान डोलावली!! सिकेटरवरचा निळा म्हणजे ग्राइंडरवर जाळलेलं पातं, 300 डिग्रीच्या आसपास तापलं की पाणी उतरतं आणि तेवढा भाग मऊ पडतो. थोडं घासून पाण्यात बुडवायचं, परत घासायचं, एवढं साधं असतं ते. वर पठ्ठ्याने दोन्ही बाजूंनी घासलं होतं. बायपास सिकेटरला (ज्याची पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात) उतार एकाच बाजूला असतो, सपाट बाजूवर दगड फक्त ती उभी राहिलेली कड काढण्यापुरता फिरवायचा. ती बाजू खाल्ली की फट पडते आणि फांदी कापायच्या ऐवजी मधेच चेपून अडकते.

मोव्हर तर चालू केल्या केल्या थरथरायला लागला. स्पार्क प्लगची वायर काढून (याशिवाय कोणी हात घालू नका) पातं सोडवलं, मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवलं तर एक बाजू धपकन खाली. बॅलन्स गेलेलं पातं बेअरिंग खातं, तो खर्च अजून वेगळाच. काळा रंग खरवडला तर खाली माझीच खाच निघाली, पूर्वी स्प्रिंकलरवर आदळून पडलेली. माझंच पातं रंगवून मलाच विकलं, 2,850 ला!

पोलिसांकडे तक्रारीला गेले तर तिथले साहेब म्हणतात, धार लावायला दिली होती ना, मग लावून दिली की. पातं टेबलावर ठेवलं, खाच दाखवली, ते म्हणे हे आम्हाला काय कळतंय मॅडम. सायबरवाले म्हणाले ओटीपी दिला का, नाही ना, मग पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. बँकेचं पण तेच. ग्राहक तक्रारवाल्यांना समोरच्याचा पत्ता पाहिजे, अरे पत्ता असता तर मीच गेले नसते का? बिलावर पत्ता नाही, नुसता मोबाईल नंबर, तो बंद. प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाठवतो आणि प्रत्येक ठिकाणी अर्ज नव्याने लिहायचा, झेरॉक्स नव्याने काढायच्या. एकाने तर हसत विचारलं, सात हजाराची धार कोण लावतं हो? वर्षभराचं पॅकेज होतं ते, किती वेळा सांगायचं!

पातं बदललं म्हणाला तर जुनं हातात मागून घ्या, देत नसेल तर पैसे नाहीत. हत्यारं द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, माझ्याकडे खाचेचा जुना फोटो असता तर त्या साहेबांची बोलती बंद केली असती. आणि सिकेटरला तसंही दर वेळी धारवाला लागत नाही, चीक पुसून उताराच्या बाजूने बारीक डायमंड फाइल फिरवली की भागतं.

तो आता दुसऱ्या नावाने जाहिरात करतोय, पॅकेज 4,999 झालंय. ज्यांची हत्यारं सध्या त्याच्याकडे आहेत त्यांनी भांडण नंतर करा, आधी गोड बोलून हत्यारं घरी आणा.