चिनी गुलाब की पसरणारा लँटाना?

कोरड्या बागेत जमीन झाकायची तर माझं मत आधीच सांगते: जागा लहान असेल तर चिनी गुलाब, उतार किंवा मोठा पट्टा असेल तर जांभळ्या फुलांचा पसरणारा लँटाना.

चिनी गुलाबाची पानं मांसल, पाणी साठवणारी. उंची जेमतेम १५ सेंटीमीटर. बोटभर फांदी खोचली की रुजते. फुलं मात्र उन्हातच उमलतात. ढगाळ दिवशी मिटलेलीच. याला मारतं ते ऊन नव्हे, साचलेलं पाणी! चिकट माती असेल तर वाळू मिसळून वाफा उंच करा, नाहीतर मुळं कुजतात. शिवाय हे झाड वर्षभराचं, विरळ झालं की नव्या फांद्या लावाव्या लागतात.

लँटाना बहुवर्षायू. पहिल्या हंगामात नियमित पाणी द्या, मग मुळं खोल जातात आणि फांद्या पेरांशी रुजत माती धरून ठेवतात. फुलपाखरं तर हटत नाहीत. पण छाटणी चुकवली तर शेजारची रोपं दबतात, आणि ऑस्ट्रेलियात हा तणासारखा पसरला आहे. गुरांना पानं विषारी ठरू शकतात, त्यामुळे चराईजवळ नकोच.