पाच वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प, नऊ महिने आणि एक काळा पुठ्ठा

हा अनुभव मी मे महिन्यात अर्धा लिहून ठेवला होता आणि पाचपैकी साडेचार तारे दिले होते. टाकायचा आळस केला ते बरंच झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातले तीन पावसाने धुऊन नेले.

अ‍ॅम्प गिटारचा, ५एफ१ जातीचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या ट्वीड चँप या जुन्या छोट्या मॉडेलची नक्कल. एक १२एएक्स७ (गिटारचा आवाज आधी वाढवणारी ट्यूब), एक ६व्ही६ (स्पीकर हलवणारी पॉवर ट्यूब), ५वाय३ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब), आठ इंची स्पीकर आणि व्हॉल्यूमचं एकच बटण. किट परदेशातून मागवलं, कस्टम धरून २६ हजारांना पडलं. खोका आमच्या डिचोलीच्या मेस्ताने (सुताराने) फणसाच्या फळ्यांचा करून दिला, आणि सगळ्या व्यवहारात बोलल्याप्रमाणे बोललेल्या दिवशी मिळालेली ती एकच वस्तू. फेब्रुवारीतले तीन रविवार सोल्डरिंगला गेले. पहिल्यांदा चालू केला तेव्हा धूर आला नाही, एवढ्यावरच मी खूश होतो.

पण गुणगुण होती. गिटार न लावता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही. इंटरनेटवर सगळे ६० आणि १२० हर्ट्झच्या गोष्टी सांगतात, त्या अमेरिकेच्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपली गुणगुण ५० ची किंवा १०० ची. कुठली ते ओळखायला यंत्र लागत नाही. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबा, तो ९८ हर्ट्झचा जी. गुणगुण त्याच्या किंचित वर लागत असेल तर ती १०० ची, म्हणजे रेक्टिफायरनंतरचं फिल्टरिंग अपुरं आहे. त्याखालच्या सप्तकात तेच लागत असेल तर ५० ची, म्हणजे हीटरच्या (ट्यूबची आतली तार तापवणाऱ्या) वायरी नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. माझ्याकडे दोन्ही होत्या, तानपुऱ्याच्या जोडीसारख्या.

५० ची लवकर गेली. किटच्या आराखड्यात हीटरचं एक टोक सरळ चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेलं होतं. ते सोडवलं, दोन्ही वायरींना घट्ट पीळ देऊन चेसिसच्या कोपऱ्यातून नेल्या, आणि दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर ग्राउंडला दिले. पाच-सहा रुपयांचं काम. उरलेली थोडी आउटपुट ट्रान्सफॉर्मर नव्वद अंशांत फिरवल्यावर गेली. त्याची जागा ठरवायची युक्ती चांगली आहे. त्याच्या सेकंडरीला, म्हणजे स्पीकरकडच्या टोकांना, हेडफोन लावायचा, बाकी काही न जोडता फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू करायचा आणि हातातला ट्रान्सफॉर्मर फिरवत बसायचं. जिथे हेडफोन गप्प, तिथे स्क्रू. शंभरची मात्र पूर्ण जात नाही. एकाच पॉवर ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये दोन बाजू एकमेकींना खोडून काढायला नसतात, त्यामुळे थोडी राहणारच. दुसऱ्या टप्प्याचा ८ मायक्रोफॅरड काढून २२ चा लावला. पहिला बदलायच्या फंदात पडू नका, ५वाय३ ला समोर मोठा कॅपॅसिटर सोसत नाही.

आणि उघडल्यावर आत हात घालण्याआधी कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा. आत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढला तरी ते तिथेच बसून राहतात.

आणखी एक घरगुती भूत म्हणजे पंख्याचा नवा, बोटभर रेग्युलेटर. तो विजेची लाट कापतो आणि गिटारचं सिंगल कॉइल पिकअप ती कापाकापी जशीच्या तशी ऐकवतं. पंखा पाचवर ठेवला की कापणं बंद, आवाज बंद. एप्रिलमध्ये तसाही तो पाचवरच असतो. रात्री अकरानंतर आमच्या वाड्यावर मीटर २४४ व्होल्ट दाखवतो आणि किटचा ट्रान्सफॉर्मर २२० चा, म्हणजे ६.३ चा हीटर ७ वर जळायचा. दोन्ही वायरींत ०.३९ ओहमचे रेझिस्टर टाकून तो ६.४ वर आणला. गुणगुणीशी याचा संबंध नाही, ट्यूबच्या आयुष्याशी आहे, आणि ट्यूबचे पैसे मी भरतो. कोणी गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन कापायला सांगेल, त्याच्या घरी जेवायलासुद्धा जाऊ नका. आमच्या जुन्या घरात पिन होती पण पुढे खड्डाच नव्हता. कोळसा-मीठ घालून नवा करून घेतला. जांभा दगड उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, म्हणून मेमध्ये त्यात रोज घागरभर पाणी ओतायचो. आई म्हणायची, माडाला घालत नाहीस एवढं खड्ड्याला घालतोस.

इथवरचं मेमधलं. त्यावेळी शेवटचं वाक्य असं होतं की असा स्वच्छ, काचेसारखा आवाज या किमतीत दुसरीकडे मिळणार नाही. ते वाक्य मागे घेतलेलं नाही, पण त्याला आता ऋतू जोडावा लागतो.

पाऊस लागून चारच दिवस झाले होते. संध्याकाळी अ‍ॅम्प चालू केला आणि आतून तव्यावर बांगडा टाकल्यासारखा आवाज. चर्र, तड, तड, मग थोडा वेळ शांत, पुन्हा चर्र. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खर्र खर्र. १२एएक्स७ उपसली की शांत, म्हणजे घोटाळा पुढच्या भागात. पुढच्या भागात आहे काय? एक ट्यूब आणि मूठभर सामान. मी सगळं बदललं. १,९०० रुपयांची नवी १२एएक्स७ मागवली, आवाज तोच. सॉकेट क्लीनरने धुतले, आवाज तोच. १२एएक्स७ च्या पोटातल्या दोन ट्रायोडमधला ०.०२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बदलला. किटमध्ये आलेले जुन्या थाटाचे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर काढून मेटल फिल्म लावले. त्याने मागची हिस्स कमी झाली, एवढा फायदा खरा, पण बांगडा तव्यावरच. बांबूच्या काडीने एकेक जोड टोचून पाहिला, संशय आला तिथे पुन्हा सोल्डर ओढलं. नवी ट्यूब परत घ्यायला दुकान तयार नव्हतं, तो राग वेगळाच.

विक्रेत्याला मेल टाकला. उत्तर आलं की अ‍ॅम्प तापमान आणि आर्द्रता नियंत्रित खोलीत ठेवावा. आमच्याकडे आर्द्रता नियंत्रित करायची तर खिडकी बंद करतात, आणि मग आर्द्रता आतच राहते. दुसऱ्या मेलला उत्तर आलं की सोल्डरिंग मी केल्यामुळे जबाबदारी माझी. तिसऱ्याला काही आलंच नाही.

धागा सापडला तो आईमुळे. तिला ट्यूब कळत नाही, पण एकदा ती सहज म्हणाली, "ज्या दिवशी डब्यातले पापड नरम पडतात, त्याच दिवशी तुझा डबा वाजतो." मी आठ दिवस कॅलेंडरवर खुणा केल्या. उघडीप पडली की अ‍ॅम्प शहाणा. झड लागली की बांगडा. शिवाय अर्धा तास चालू ठेवला की आवाज कमी होत जायचा, कारण आतल्या ट्यूबच खोका गरम करतात. चालू केल्यावर गरम होऊन बिघडणारी यंत्रं खूप पाहिली. गरम होऊन सुधारणारं हे पहिलंच.

म्हापशाला एक काका आहेत. त्यांनी उमेदीत वाल्वचे, म्हणजे ट्यूबचे, रेडिओ दुरुस्त केले, आता टीव्हीसुद्धा करत नाहीत. चेसिस पिशवीत घालून, पिशवीला प्लास्टिक गुंडाळून, बसने घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, सगळं सामान ज्यावर बसवलेलं असतं त्या काळ्या बोर्डाला नख घासलं आणि म्हणाले, "हा तर कागद रे बाबा."

काळा फायबरबोर्ड म्हणजे खरोखर कागदच. कापसाच्या चिंध्यांचा कागद झिंक क्लोराइडमध्ये भिजवून, धुऊन, दाबून केलेला. कोरडा असताना उत्तम विद्युतरोधक, पण पाणी पितो. जुन्या फेंडरमध्येही हाच असायचा आणि तेही म्हातारपणी असेच कुरकुरतात. किटवाल्याने "अस्सल जुन्या पद्धतीचा" म्हणून जाहिरातीत मिरवला होता. अस्सल आहे, आजारासकट.

काकांची तपासणी पाहण्यासारखी होती. त्यांनी व्हॉल्यूमच्या बटणाकडे जाणाऱ्या आयलेटमधून, म्हणजे बोर्डातल्या पितळी भोकातून, सगळं सामान सुटं केलं. त्या पितळी भोकाला आता वायर नाही, रेझिस्टर नाही, काही नाही. अ‍ॅम्प चालू करून मीटरचं टोक तिथे टेकवलं. ११ व्होल्ट. काहीच न जोडलेल्या भोकात ११ व्होल्ट, शेजारच्या आयलेटमधल्या अडीचशेतून पुठ्ठ्यातून पाझरलेले. मीटर स्वतः १० मेगओहमचा, म्हणजे मधला पुठ्ठा साधारण २२० मेगओहमचा झाला. ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण व्हॉल्यूमचं पॉट, म्हणजे बटणाखालचा बदलता रेझिस्टर, १ मेगओहमचं, त्यावर या गळतीतून व्होल्टहून थोडं जास्त डीसी बसतं, आणि दुसऱ्या ट्रायोडचं सगळं बायस, म्हणजे त्याचं काम ठरवणारं डीसी व्होल्टेज, दीड व्होल्टच्या आसपास. मग पॉट खरखरणार नाही तर काय करणार! आणि ओलावा काही शांत बसत नाही, त्याची वाट क्षणाक्षणाला बदलते. चर्र तड तड ती हीच. मी कॅपॅसिटर गळतो म्हणून बदलला होता, गळत होतं ते त्याच्याखालचं.

काकांनी पैसे घेतले नाहीत. देव बरें करूं म्हणत आभार मानले आणि पुढच्या वेळी काजू नेले.

आता इलाज. आधी बायकोचा हेअर ड्रायर. वीस मिनिटं फुंकला, आवाज गायब, दोन दिवस गायबच राहिला. तिसऱ्या दिवशी बांगडा परत. घुमट, म्हणजे आमच्याकडचं कातडं मढवलेलं मातीचं वाद्य, कसं आरतीआधी शेकून घेतात, कातडं सैल पडलेलं असतं म्हणून, तसा मी रोज अ‍ॅम्प शेकू लागलो. मग कपाटात बुरशी लागू नये म्हणून ठेवतात तसा मागच्या बाजूला १५ वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवला. हा उपाय खरोखर चालतो, सकाळी आवाज निरभ्र. पण ५ वॅटच्या अ‍ॅम्पला कोरडं ठेवायला १५ वॅट जाळायचे, तेही वाजवत नसताना, हा हिशेब माझ्या पोटात जाईना.

ऑगस्टमध्ये एका सुट्टीच्या दिवशी सगळा पुठ्ठाच काढला. तयार ग्लास इपॉक्सीचा टरेट बोर्ड मागवायचा तर पाठवणीसकट १,६०० सांगत होते. पणजीत एका दुकानात ग्लास इपॉक्सीचा कोरा तुकडा १२० ला मिळाला. भोकं पाडून ३ मिमीचे पितळी बोल्ट बसवले, ते ६० चे. दिसायला बोर्ड म्हणजे सायकलच्या दुकानातला माल. एकूण १८० रुपये, अधिक १,९०० ची ट्यूब, जी आता ड्रॉवरमध्ये कापसात झोपली आहे. काढलेला पुठ्ठा काकांच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) लावला तर दोन आयलेटमध्ये २०० च्या आसपास मेगओहम, मीटरच्या हिशेबाशी जुळणारं.

त्यानंतर एकही चर्र नाही. गणेश चवथीला धो-धो पाऊस होता, ओसरीच्या भिंतींना घाम सुटलेला, आणि अ‍ॅम्प मखराशेजारच्या खोलीत निवांत. घरच्यांच्या आग्रहाने आरतीला गिटार धरली. दोन घुमटं, शामेळ आणि कांसाळी यांच्यापुढे ५ वॅट म्हणजे लग्नाच्या पंगतीत कुजबुज. मी वाजवतोय हे फक्त मला कळत होतं. पण गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली उभं राहून मी मधल्या थांब्यात कान देऊन ऐकलं, तर फक्त ती १०० ची मंद गुणगुण. सहावी तार, तिसरा फ्रेट, किंचित वर.

तारे द्यायचे तर ट्रान्सफॉर्मरला पाच, सर्किटला पाच, स्पीकरला चार. बोर्डाला शून्य, आणि माझ्या मते तोच एकूण निकाल. कोणी म्हणेल १८० रुपयांच्या पुठ्ठ्यावरून २६ हजारांच्या वस्तूला नापास करतोस. हो, करतो. २६ हजार घेणाऱ्याला १८० वाचवायचे होते, मला नव्हते. ज्यांचा पाऊस वर्षातून चार महिने घरात येऊन राहतो त्यांनी किट घेताना पहिला प्रश्न बोर्डाचा विचारावा, आणि "अस्सल" हे उत्तर आलं तर बोर्ड वगळून काय पडेल ते विचारावं.

आणि हो, विक्रेत्याचं उत्तर आलं. चार महिन्यांनी, परवा. सदोष बोर्ड ते बदलून देतील, फक्त मूळ बोर्ड पुन्हा बसवून आवाजाचा व्हिडिओ पाठवायचा. मी पुठ्ठा घेऊन काकांकडे गेलो. नोव्हेंबरचं कडक ऊन, तुळशीचं लग्न होऊन गेलेलं. मेगरचा काटा सरळ अनंतावर जाऊन टेकला आणि तिथून हलेना.