उघड्यावरच्या मोटरला करंट ट्रान्समीटर घेताना: स्प्लिट कोअर की सॉलिड कोअर, आणि बाकी काय बघायचं

मोटर उघड्यावर आहे, वरून पाऊस, खालून धूळ, आणि तिचा करंट कंट्रोल रूममधे ४-२० एमए वर (४ ते २० मिलिअँपच्या सिग्नलवर) हवाय, तो सिग्नल बनवून देणारा म्हणजे करंट ट्रान्समीटर. अशा वेळी बहुतेक जण आधी रेंज बघतात आणि मग किंमत, पण बाहेर माल टिकणार की नाही हे त्या दोन्हीवरून कळत नाही.

कोअर म्हणजे मोटरची केबल जिच्यातून जाते ती कडी, स्प्लिट म्हणजे उघडणारी, सॉलिड म्हणजे अखंड. स्प्लिट कोअरची सोय मोठी, केबल न सोडता बसतो, त्यामुळे चालू प्लँटमधे तोच उचलला जातो. पण कोअरचे दोन अर्धे जिथे एकमेकांना टेकतात तीच त्याची दुखरी जागा. तिथे गंज किंवा धूळ बसली की फट पडते आणि रीडिंग कमी यायला लागतं. मी एक उघडून बघितलाय, बाहेरून अगदी नवा कोरा आणि आत टेकणाऱ्या तोंडांवर तपकिरी थर, नखाने खरवडला तर निघत होता, पुसून परत बसवला तेव्हा कुठे रीडिंग क्लँप मीटरशी जुळलं. सॉलिड कोअर, तोही आत पूर्ण रेझिन भरलेला, यात ही कटकट नाही. एकदा केबल सोडून ओवायची, बस. म्हणून नवीन काम असेल किंवा शटडाऊन मिळत असेल तर मी सॉलिडच घ्या म्हणेन, स्प्लिट फक्त मोटर थांबवताच येत नसेल तर.

आता आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देण्याचा दर्जा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, पण ते स्थिर पाणी. जोराच्या फवाऱ्याची टेस्ट ६६ मधे होते आणि ६७ वाला ६६ मधे पास असेलच असं नाही, त्यामुळे जिथे होजने धुतात तिथे दोन्ही आकडे लिहिलेला घ्या. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं ते तर या आकड्यांत येतच नाही, ते डेटाशीटमधे वेगळं शोधावं लागतं.

लूप पॉवर्ड (सिग्नलच्याच दोन वायरींवर चालणारा) की वेगळी सप्लाय? साध्या एसी मोटरला लूप पॉवर्ड, दोनच वायर, बिघडायला कमी जागा. व्होल्टेजचं गणित मात्र करून घ्या: २४ व्होल्टची सप्लाय, ट्रान्समीटरला समजा १२ लागतात, उरले १२, म्हणजे २० एमए ला लूपमधे ६०० ओहम चालतील. पीएलसीच्या (सिग्नल वाचणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटचे २५० धरले तरी भरपूर उरतात, आणि ५०० मीटरवर १ चौरस मिमीची तांब्याची केबल असेल तर जाऊन येऊन जेमतेम १८ ओहम. लांबीची भीती नको. डीसी असेल किंवा व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आऊटपुटला कमी फ्रिक्वेन्सीवर मोजायचं असेल तर मात्र हॉल इफेक्टवाला (करंटचं चुंबकीय क्षेत्र थेट मोजणारा) घ्यावा लागतो, त्याला बहुधा वेगळी सप्लाय लागते आणि तापमानाबरोबर त्याचा झिरो सरकतो, म्हणून उन्हातल्या बॉक्ससाठी त्याचा ड्रिफ्टचा आकडा आधी वाचा.

व्हीएफडीच्या इनपुटला ट्रू आरएमएस (वेव्ह वाकडीतिकडी असली तरी खरा करंट मोजणारा) शिवाय घेऊच नका. साधा ॲव्हरेजवाला शुद्ध साइन वेव्ह धरून चालतो, तिथे वेव्ह तशी नसते, आणि तो कमी दाखवतो, म्हणजे ओव्हरलोड चालू असताना स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं.

रेंज मोठी पडत असेल तर बदलायची घाई नको. ८ अँपची मोटर आणि ५० ची रेंज असेल तर केबल कोअरमधून ५ वेळा ओवा, त्याला ४० दिसेल, स्केलिंगमधे ५ ने भागा, फक्त हे बॉक्सच्या झाकणावर आतून लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस गोंधळेल.

आणि बसवताना केबल बॉक्सच्या खालूनच घ्या, ग्लँडच्या (केबल बॉक्समधे घेणाऱ्या सीलच्या फिटिंगच्या) आधी तिला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकून जाईल. रात्री बॉक्स गार होतो, आत दमट हवा खेचतो आणि टर्मिनलवर दव धरतं, त्यासाठी तळाशी ब्रीदर प्लग (हवा जाऊ-येऊ देणारं पण पाणी अडवणारं बूच) लावा, पण बॉक्सच्या रेटिंगचाच.