इलेक्ट्रिक गाडी घेऊन कोकणात फिरताय? मग ठरवलेलं बदलायची तयारी ठेवा

गाडी घेतली त्याला आता दिवाळी, शिमगा, आंब्याचा सीझन आणि निम्मा पावसाळा होऊन गेला, म्हणजे लिहायला हरकत नाही. शोरूममधून आणल्या आणल्या लिहिलेले रिव्ह्यू मी पण ढीगभर वाचले होते, त्यात गाडी सगळ्यांना आवडलेलीच असते. आमची छोटी हॅचबॅक आहे, 24 किलोवॅट-अवरची बॅटरी. आम्ही चिपळूणला राहतो, घरात मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, आणि गाडी जास्त मीच चालवते कारण माझी नोकरी लोट्याला, रोज परशुराम घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा.

रोजच्या वापराबद्दल फार बोलण्यासारखं नाही कारण तक्रारच नाही. रात्री घरी प्लग लावायचा, सकाळी काढायचा. कंपनीच्या कागदावर रेंज तीनशेच्या आसपास आहे, मला एसी लावून, घाट धरून, 180 ते 190 मिळते आणि ती मी पूर्ण धरूनच चालते, त्याच्यापुढचं स्वप्न बघत नाही. परशुराम घाट उतरताना ब्रेकवर पाय जवळपास ठेवावाच लागत नाही, मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत वीज भरते, घरी पोचेपर्यंत टक्का जागचा हलत नाही, कधीकधी एकाने वाढलेला पण दिसतो. फक्त एक, बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर हे काम नीट होत नाही कारण भरायला जागाच नसते, तेव्हा ज्यांचं घर घाटमाथ्यावर आहे आणि सकाळी निघाल्या निघाल्या उतार लागतो त्यांनी नव्वदवर थांबवावं. खर्च म्हणाल तर घरच्या मीटरवर किलोमीटरला सव्वा-दीड रुपया पडतो, पेट्रोलच्या हिशेबाशी तुलना ज्याची त्याने करावी.

आता मुद्द्याचं. या गाडीने लांबचा ठरलेला प्लॅन जसाच्या तसा पार पडलाय असं क्वचितच झालंय. आणि गंमत म्हणजे जे बिघडले तेच जास्त लक्षात राहिलेत.

उदाहरण सांगते. मे महिन्यात सासूबाईंना गणपतीपुळ्याला न्यायचं होतं. हायवेने निवळीवरून जायच्या ऐवजी नवऱ्याने गुहागरवरून तवसाळला जाऊन जंगलजेटीने जयगडला उतरायचं असं ठरवलं, म्हणजे सासूबाईंना गाडीसकट बोटीत बसायची मजा, आणि जयगडहून पुळं काही लांब नाही. सगळं छान. पण आदल्या रात्री वळवाचा पाऊस, ढगांचा गडगडाट आणि लाईट गेली ती पहाटे आली, त्यामुळे गाडी साठ टक्क्यांच्या आतच राहिली. नवरा म्हणाला, गुहागरच्या वाटेवर फास्ट चार्जर आहे, ॲपवर चालू दाखवतंय, अर्धा तास थांबू. तिथे पोचलो तर चार्जरच्या स्क्रीनवर काळोख, शेजारच्या टपरीवाल्याला विचारलं तर म्हणे हा आठवडाभर असाच आहे, तुम्ही आज तिसरे. बॅटरी तिशीत, पुढे तवसाळपर्यंत चढउताराचा रस्ता, मग जयगड, मग पुळं, आणि तिथे तरी चालू चार्जर मिळेल कशावरून. गणित बसेना. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, गणपतीलाच जायचंय ना, मग हेदवीला चल की, तो काय गणपती नाही?"

हेदवी वाटेवरच, तवसाळच्या अलीकडे. तिथला दशभुजा गणपती आमच्या जिल्ह्यातल्याच लोकांनी कितीदा नुसता बोर्ड बघून सोडून दिलेला असतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या मामांचं घर तिथे आहे, फोन फिरले, "या की, पंपाजवळ पॉवर प्लग आहे" असा निरोप आला आणि आम्ही सतरा टक्क्यांवर त्यांच्या अंगणात पोचलो.

आता इथे नीट वाचा, कारण हे तुम्हाला कुठलाच सेल्समन सांगणार नाही. गाडीबरोबर जो घरगुती चार्जर येतो त्याला मोठा थ्री-पिन म्हणजे 15 ॲम्पिअरचा प्लग लागतो आणि अर्थिंग नीट लागतं. नुसता प्लग असून भागत नाही. आम्ही वायर लावली तर चार्जरवर लाल दिवा, गाडी ढिम्म. प्लगवर मिक्सर चालतो, पंप चालतो, मग गाडी का नाही असं मामांना वाटणं साहजिक आहे, पण मिक्सरला अर्थिंग आहे की नाही कळत नाही, या चार्जरला कळतं, आणि ते नसेल तर तो चालूच होत नाही. मामा दोन मिनिटं दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, मे महिन्यात जांभ्यात ओल कुठली राहायला, अर्थिंग कोरडं पडलंय." विहिरीजवळ फरशीचा एक तुकडा होता तो सरकवला, खाली खड्डा, त्यात मीठ-कोळसा घालून पुरलेलं अर्थिंगचं पाईप. दोन कळश्या पाणी हळूहळू ओतलं, मुलाला वाटलं झाडाला घालतायत. परत प्लग लावला, लाल. आणखी एक कळशी. मग तंबाखू मळून झाली, मग म्हणाले आता लावा. हिरवा! माझा मुलगा टाळ्या वाजवायला लागला. मामा गाडीकडे न बघता मीटरकडे गेले, त्याचा छोटा दिवा किती भराभर लुकलुकतोय ते बघत बसले, मला वाटलं आता बिलाचं काढतात, तर म्हणाले, "पंपापेक्षा जास्त खाते हो ही."

खाते खरी. पण हळू खाते. साध्या प्लगवर तासाला दहा-अकरा टक्के भरतात, म्हणजे संध्याकाळपर्यंत हेदवीतून हलणं नाही. मग काय, देवळात गेलो. पांढऱ्या संगमरवराची मूर्ती, दहा हात, आणि गर्दी म्हणाल तर आमच्याशिवाय एक जोडपं. सासूबाई गाभाऱ्यासमोर आरामात बसल्या, अथर्वशीर्ष म्हणून झालं, कोणी मागून "पुढे चला" म्हणालं नाही. पुळ्याला सुट्टीच्या दिवसात हे शक्य आहे का, तुम्हीच सांगा.

तिथून निघताना पुजाऱ्यांनी विचारलं, बामणघळ बघितलीत का, आज अमावास्या आहे, बाराच्या सुमाराला भरती. हे मला माहीत असायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण चिपळूणच्या माणसाला भरती-ओहोटी कॅलेंडरवरच दिसते. आमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि उधाणाची असते. बामणघळ म्हणजे समुद्राकाठच्या कातळाला पडलेली अरुंद लांब चीर, उमामहेश्वराच्या देवळाकडून कातळावरून चालत जायचं. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसते, लोक फोटो काढून "यात काय आहे" म्हणत परत येतात. भरतीला लाट त्या फटीत शिरते, आत कोंडते, आधी खालून घुमल्यासारखा आवाज येतो, पायाखालचा दगड किंचित हादरतो आणि मग पाणी सरळ वर उडतं. आम्ही लांबच उभे होतो (लांबच उभं राहा, कातळ निसरडा आहे) तरी चष्म्यावर खारे थेंब आले. ठरलेल्या प्लॅनप्रमाणे आम्ही त्या वेळी जयगडला असतो.

दुपारी मामींकडे फणसाची भाजी, आमटी, भात आणि रायवळ आंब्यांचा रस. जेवणानंतर सासूबाई आणि मामी ओटीवर आठळ्या सोलत बसल्या त्या चार वाजेपर्यंत, नवरा झोपाळ्यावर झोपला. मी हिशेब करून विजेचे पैसे द्यायला गेले तर मामा घेईनात, शेवटी मुलाच्या नावाने देवळात ठेवा म्हणाले. पंच्याऐंशीच्या पुढे टक्के घेऊन निघालो आणि अंधार पडायच्या सुमाराला घरी.

पेट्रोलची गाडी असती तर आम्ही पाच मिनिटांत पंपावर भरून पुढे गेलो असतो, पुळ्याला रांगेत उभे राहिलो असतो, आणि तेही वाईट नसतं. पण मी आता लांबच्या दिवसाला ठिकाणं दोन ठरवते, एक जायचं आणि एक नाही जमलं तर थांबायचं.

वेळासला पण असंच झालं. कासवांची पिल्लं संध्याकाळी समुद्रात सोडताना बघायची आणि रात्री परत, असा बेत होता. मंडणगडला थोडं चार्जिंग करण्यात उशीर झाला, पोचलो तेव्हा अंधार. गावात घरगुती राहण्याची सोय मिळाली, तिथे कळलं की आज संध्याकाळी एकही पिल्लू बाहेर आलंच नव्हतं, म्हणजे वेळेत येऊन पण रिकामेच परतलो असतो. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली वाळूत हलणारी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं, तळहाताएवढी पण नाहीत. त्यातलं एक उलट्या दिशेने, थेट माणसांकडे निघालं होतं आणि मुलगा ओरडून त्याला समुद्र कुठे आहे ते सांगत होता.

सगळंच गोड झालं असं समजू नका. कराडला मावसभावाच्या लग्नाला निघालो, कुंभार्ली घाट चढताना टक्के पटापट उतरतात हे माहीत होतं म्हणून पाटणच्या पुढे चार्जिंग धरलं होतं, तिथे आधीच दोन गाड्या. अक्षता हुकल्या. पंगत मिळाली, पण मावशी अजून बोलते. मुहूर्ताचं काम असेल तर एसटी नाहीतर दुसऱ्याची गाडी, यावर आमच्या घरी एकमत आहे.

जंगलजेटीबद्दल एक सांगायचं राहिलं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना या बोटी जेवढ्या उपयोगी आहेत तेवढ्या कोणालाच नाहीत. दाभोळ ते धोपावे बोटीने काही मिनिटांचं पाणी, पण रस्त्याने जायचं तर अख्खी वाशिष्ठीची खाडी फिरून चिपळूणवरून यावं लागतं, म्हणजे निम्मी बॅटरी तिथेच संपली. बागमांडला-वेश्वी, आगरदांडा-दिघी, सगळीकडे हेच. रांगेत थांबताना गाडी बंदच असते, इंजिन चालू ठेवायचा प्रश्न नाही, आणि एसी लावून तासभर बसलात तरी चार-पाच टक्क्यांच्या वर जात नाहीत. फक्त बोटीवर चढताना तो लोखंडी उतार असतो तिथे गाडीचं नाक सांभाळून, ओहोटीला तो जास्त तिरका होतो.

पावसाळ्याचं. 22 जुलै 2021 चा पूर ज्यांनी चिपळुणात बघितलाय त्यांना पाणी या विषयावर समजवायला नको. बॅटरी पाण्यापासून सुरक्षित आहे असं कंपनी म्हणते, आणि डबक्यातून, साचलेल्या पाण्यातून मी व्यवस्थित गेलेय, पण वाशिष्ठीचं पाणी वाढतंय म्हटलं की मी गाडी वरच्या अंगाला मैत्रिणीकडे नेऊन ठेवते, तिथे कागदावरचा आकडा बघत नाही. खारी हवा लागून खालच्या नट-बोल्टना गंज धरायला लागलाय, समुद्रावरून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवायची सवय लावून घ्या. आणि आवाज नसल्याने कोणाला गाडी आलेली कळत नाही, गल्लीतली कुत्री, गुरं, भांडणात रंगलेली माणसं कोणीच हलत नाही, हॉर्न वाजवावा लागतो आणि मग लोक दचकून आपल्यालाच शिव्या देतात.

सर्व्हिस हा खरा कच्चा भाग. बारीकसारीक इथे होतं, पण बॅटरी-मोटरचं काही निघालं तर गाडी घाटावर पाठवावी लागते आणि मग आठवडा गेला. माझ्यावर एकदाच वेळ आली, सॉफ्टवेअरचं काम होतं, पैसे लागले नाहीत, पण तेवढे दिवस लोट्याला शेअर रिक्षा आणि एसटीने गेले.

घ्यावी का? घरी स्वतःचं पार्किंग आणि नीट अर्थिंगचा प्लग असेल, रोजचं येणं-जाणं शंभरच्या आत असेल तर घ्या. फ्लॅटमध्ये राहता आणि सोसायटी प्लग द्यायला कुरकुर करतेय तर थांबा. महिन्यातून दोनदा मुंबई-गोवा करणाऱ्यांनी मोठ्या बॅटरीची बघा, ही तुमची गाडी नव्हे.

घेतलीत तर तीन गोष्टी. राहण्याचं बुकिंग करताना "चार्जिंग आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, मोबाईलचं समजून. "पंपाचा किंवा गिझरचा मोठा प्लग गाडी लागेल तिथपर्यंत आहे का आणि अर्थिंग चालू आहे का" असं विचारा. फास्ट चार्जरवर जायच्या आधी ॲपवर विसंबू नका, शेजारच्या दुकानाचा नंबर मिळवा. आणि इन्व्हर्टरवर चार्जिंग करू द्यायला कोणी प्रेमाने तयार झालं तरी लावू नका, त्यांचा इन्व्हर्टर बसेल.

एक्स्टेन्शन वायर मात्र चांगली घ्या, 15 ॲम्पिअरची, जाड तांब्याची, गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून समोर बसून बनवून घेतलीत तर उत्तम. बाजारातली बारीक वायर मी पहिल्या महिन्यात वापरली, तासाभराने हात लावला तर भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. माझी आता दहा मीटरची आहे आणि बहुतेक अंगणांत पुरते, माडाच्या वाडीत मागे घर असेल तर नाही पुरत. गाडीला पाचपैकी चार, एक सर्व्हिससाठी कापला.