एल्कसाठी ऑट-सिक्स की मॅग्नम: दोन्ही बाळगून झाल्यावर

ऑक्टोबर जवळ आला की कोलोरॅडोतल्या डेन्व्हर-फोर्ट कॉलिन्सकडच्या आपल्या मंडळींपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "यंदा एल्कचा टॅग घेतलाय. रायफल कुठली घेऊ?" (एल्क म्हणजे सांबरापेक्षा थोरलं इथलं हरीण, आणि टॅग म्हणजे त्याच्या शिकारीचा परवाना.) दोन नावं ठरवूनच फोन केलेला असतो: थर्टी-ऑट-सिक्स आणि थ्री हंड्रेड विनचेस्टर मॅग्नम. मी आधी मॅग्नम घेतली, तीन वर्षं वापरली आणि मग ऑट-सिक्सवर आलो. त्यामुळे माझं मत अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही.

रायफलींची ही नावं त्यांच्या काडतुसांवरून पडलेली: एक काडतूस १९०६चं, लष्करासाठी बनलेलं, दुसरं १९६३चं. मॅग्नमची गोळी जास्त वेगाने जाते. वेगाचे आणि ऊर्जेचे तक्ते सगळीकडे मिळतात, ते इथे मांडत नाही. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (म्हणजे गोळीची इंचातली जाडी) आणि ८५ ग्रेन वजनाची गोळी मागतो. या दोघी त्याच्या कितीतरी वर आहेत. १८० ग्रेनची गोळी, दोनशे यार्डांवर नेम बरोबर बसेल असा लावलेला स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) आणि तीनशे यार्डांवरचा एल्क असं धरलं, तर दोघींच्या गोळीच्या घसरणीत साधारण दोन इंचांचा फरक पडतो. दहा हजार फुटांवर चढण चढून आल्यावर छाती भात्यासारखी हलत असते. तेव्हा माझा नेम त्याहून जास्त हलतो.

मी जातो ते फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांकडे. त्या वर्षीच्या दुसऱ्या-तिसऱ्या रायफल-मोसमापर्यंत एल्कवर बराच मारा झालेला असतो आणि दिवस उजाडला की कळप दाट स्प्रूसच्या अंधाऱ्या रानात शिरतात. माझे आजवरचे सगळे एल्क अडीचशे यार्डांच्या आत मिळाले, एक तर नव्वदवर. क्रेग गावाकडे सेजच्या खुरट्या झुडपांच्या उघड्या माळावर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे चारशे यार्ड आणि आडवा वारा हे नेहमीचंच. असा माणूस वर्षभर सराव करत असेल, तर मॅग्नम त्याला शोभते. हे मी मनापासून म्हणतोय.

आता माझं बिनसलं कुठे, ते सांगतो. मॅग्नमचा धक्का खांद्याला सोसेना, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून नळीच्या तोंडाला मझल ब्रेक बसवून घेतला. धक्का खरंच निम्म्यावर आल्यासारखा वाटला. पण ब्रेक धक्का कमी करतो तो गोळीमागचा वायू बाजूला आणि मागे फेकून, आणि तो आवाज थेट आपल्या आणि शेजाऱ्याच्या कानात येतो. रेंजवर पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने काही न बोलता सामान उचललं आणि दोन टेबलं सोडून पलीकडे जाऊन बसला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढे गर्दी नसलेले दिवस शोधून जायला लागलो. असे दिवस कमी, म्हणून सरावही कमी.

रेंजवर निदान कानावर मफ असतात. रानात तसं नसतं. एल्कची अर्धी शिकार कानाने होते: वाळकी फांदी मोडल्याचा आवाज, मादीचं बारीक किंचाळणं. म्हणून प्लग खिशातच राहतात. मॅग्नमच्या तिसऱ्या वर्षी मी आणि माझा मित्र बर्फात शेजारी-शेजारी पालथे होतो. नर बाहेर आला, मी चाप ओढला. ब्रेकने उडवलेला बर्फाचा भुगा मित्राच्या तोंडावर बसला आणि तो दोन्ही कान धरून कुशीवर वळला. गोळी वरून गेली. ती ब्रेकमुळे गेली नाही, आवाजाच्या धास्तीने मी आधीच डोळे मिटले होते म्हणून गेली. माझे कान दोन दिवस वाजत होते. मित्र काही बोलला नाही, पण परतीच्या गाडीत रेडिओ नेहमीपेक्षा मोठा लावला होता.

कुणी म्हणेल, ब्रेक काढून टाक. मग पुन्हा खांदा. कुणी म्हणेल, सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) लाव. कोलोरॅडोत शिकारीला तो चालतो, पण त्याची केंद्र सरकारची कागदपत्रं करावी लागतात आणि आधीच लांब असलेली नळी आणखी लांब होऊन प्रत्येक फांदीत अडकते. ऑट-सिक्सला यातलं काहीच लागत नाही. तिचाही धक्का आहे, पण एका दुपारी वीस-पंचवीस गोळ्या मारून घरी आलो तर रात्री त्याच खांद्याच्या कुशीवर झोपता येतं.

सहा-पाच क्रीडमूर या लहान काडतुसाबद्दलही विचारणारे असतात. धक्का आणखी कमी, आणि तिच्यावर एल्क घेतलेली माणसं मला माहीत आहेत. फक्त तिच्याबरोबर एल्क चुकीच्या कोनात उभा असेल तर चाप न ओढण्याचा संयम जास्त हवा. पहिल्याच वर्षी तो प्रत्येकाकडे असेल का, शंका आहे.

रायफल कुठलीही घ्या, गोळीत काटकसर करू नका. एल्कचा खांदा म्हणजे सांबराच्या थोरल्या भावाचा खांदा. पार्टिशन (आत पडदा असलेली) किंवा पूर्ण तांब्याची गोळी घ्या. स्कोपवर ठरवलेल्या पैशातले थोडे हातातल्या दुर्बिणीकडे वळवा. बहुतेक युनिटांत (शिकारीच्या विभागांत) नराच्या एका शिंगाला चार टोकं तरी हवीत, नाहीतर कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं हवं. हे मोजायला दुर्बीणच लागते. रायफलचा स्कोप त्यासाठी डोळ्याला लावायचा नाही, समोर नारिंगी टोपीतला माणूसही असू शकतो. मला १०x४२ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुरते.

सॅकबद्दल मात्र मी हट्टी आहे: आत फ्रेम असलेलीच घ्या. विल्डरनेसच्या (सरकारने राखलेल्या रानाच्या) हद्दीत चाकाची गाडी चालत नाही, मांस पाठीवरूनच आणायचं. नराची मागची एक मांडी हाडासकट पन्नास पौंडांच्या वर जाते, आणि अशा खेपा चार-पाच होतात. तेव्हा साडेनऊ पौंडांच्या मॅग्नमऐवजी पावणेआठ पौंडांची ऑट-सिक्स खांद्यावर असणं काय असतं, ते पाठीलाच विचारा. सॅकने नारिंगी जॅकेट झाकलं जातं, म्हणून सॅकवरही नारिंगी कापड बांधा. नियम कमरेच्या वर पाचशे चौरस इंच आणि टोपी असा आहे. बूट निदान महिनाभर आधी घेऊन पायात मुरवा. बाकी कपड्यांचं ज्याचं त्याने बघावं. मी अजून लोकरीवरच आहे.

(मांसाला चरबी जवळजवळ नसते. खिमा करताना तेल नेहमीपेक्षा सढळ घाला. हाडांचा पांढरा रस्सा मात्र फक्कड होतो.)

माझी मॅग्नम वायोमिंगच्या माळावर जाणाऱ्या एकाला दिली, दुकानात त्याची रीतसर पार्श्वभूमी-तपासणी करून, ब्रेकसकट. त्याला आधी चालवून बघायची होती, म्हणून दोघं रेंजवर गेलो होतो. त्याने पहिली गोळी भरली तेव्हा मी माझं सामान उचललं आणि दोन टेबलं सोडून पलीकडे जाऊन बसलो.