बावीस डॉलरचा डोंगल: कोड वाचायला नको, आलेख बघायला घ्या

माझी गाडी २००१ची माझदा मियाटा. दोन सीट, छत मागे टाकता येतं, आणि डिकीत पटेलमधला किराणा दोन पिशव्या मावला तर मावला. आमच्या घरात तिला ‘सवत’ म्हणतात. कोण म्हणतं ते सांगायला नको.

मार्चमध्ये तिचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. इन्स्पेक्शनची मुदत मेअखेर, आणि दिवा लागलेला असला की न्यू जर्सीत गाडी पास होत नाही. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने मशीन लावलं, “ऑक्सिजन सेन्सर” म्हणाला आणि पुढचा-मागचा दोन्ही बदलायचे म्हणून ४८० डॉलरचा कागद हातात ठेवला. कोड कुठला आला ते कागदावर नव्हतंच. विचारलं तर म्हणे, एक गेला की दुसरा मागोमाग जातोच. हे मला पटेना. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. कोणी एरर नंबर न सांगता “सर्व्हर बदला” म्हणालं की माझं डोकं फिरतं.

म्हणून डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलून त्यातले एरर कोड आणि आकडे फोनवर दाखवणारी डबी. आधी नऊ डॉलरचा मागवला, तो फुकट गेला. बायकोच्या २०१४च्या कोरोलाशी क्षणात बोलला, मियाटाला लावला की “संपर्क होत नाही”. कारण साधं आहे. २००८पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्या कॅन बस नावाच्या प्रोटोकॉलवर (भाषेत म्हणा) बोलतात. माझी त्याआधीची, ती आयएसओ ९१४१ ही जुनी भाषा बोलते. पाकिटावर सगळे प्रोटोकॉल छापलेले असतात, आतल्या नकली चिपमध्ये ते असतीलच असं नाही. गाडी २००८च्या आधीची असेल तर तेवढ्याच जुन्या गाडीवर तो डोंगल चालल्याचं कोणीतरी लिहिलंय का ते पाहून मगच घ्या.

दुसरा २२ डॉलरचा. हाही ईएलएम३२७ चिपच्या जातीचाच, काडेपेटीएवढा, निळा. हा चालला. आयफोनला मात्र तो दिसत नाही, जुनं ब्लूटूथ आहे. ड्रॉवरमधला तडा गेलेला अँड्रॉइड फोन बाहेर काढला, त्यात अॅप टाकलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात डोंगल खोचला आणि कोड आला: पी०१३५. पुढच्या सेन्सरचा हीटर.

हा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटातच हीटर असतो. पण कोडचा अर्थ ‘हीटरच्या सर्किटमध्ये गडबड’ एवढाच. ती फ्यूजमध्ये असेल, वायरीत असेल, कनेक्टरच्या गंजात असेल किंवा खरंच हीटरमध्ये. डोंगल याच्यापुढे गप्प. इथे मल्टिमीटरच लागतो. फ्यूज धड होता. किल्ली फिरवल्यावर कनेक्टरपर्यंत बारा व्होल्ट येत होते. मग सेन्सरच्या बाजूच्या दोन काळ्या वायरींना मीटर लावला (डेन्सोच्या सेन्सरमध्ये हीटरच्या वायरी काळ्या आणि सिग्नलची निळी). काही ओहम दिसायला हवे होते. मीटर तिन्हीत्रिकाळ ‘ओपन’ दाखवत राहिला. हीटर तुटला होता. म्हणजे गॅरेजवाला अर्धा बरोबर होता.

नवा सेन्सर डेन्सोचाच, कनेक्टरसकट घेतला. वायरी कापून जोडायचा ‘युनिव्हर्सल’ स्वस्त मिळतो, पण मला नको होता. रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. सकाळी इंजिन थोडं गरम करून, पार्ट्सच्या दुकानातून डिपॉझिटवर आणलेला बाजूला खाच असलेला बावीस मिलिमीटरचा सॉकेट लावला. पाना ओढताना जो ‘कडाक्’ आवाज आला, त्याने मी पाना सोडून आधी बोटं मोजली. पण सेन्सरच सुटला होता, आटे शाबूत. दिवा गेला.

तीन आठवड्यांनी परत लागला. या वेळी पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त, पेट्रोल कमी. “अहो, त्या माणसाने सांगितलं होतं ना दोन्ही बदला म्हणून?” हे मी तीन वेळा ऐकलं.

डोंगलचे पैसे वसूल झाले ते इथे. सेन्सरच्या व्होल्टेजचा आलेख लावला. गरम इंजिनवर रेघ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली नाचत होती, नाचायलाच हवी. अडकून बसली असती किंवा आळसावली असती तर सेन्सरवर संशय घेता आला असता. हा तर खणखणीत होता आणि खरं तेच सांगत होता. मग फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे काढले. आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) लाँग टर्म ट्रिम अधिक २२ टक्के, म्हणजे कॉम्प्युटर नेहमीपेक्षा एवढं जास्त पेट्रोल ओतून तूट भरतोय. अॅक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमवर धरला की आकडा चार-पाचावर. आयडलला खूप आणि वर गेलं की कमी, हे इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेला, कुठेतरी भोक पडल्याचं लक्षण. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) जोरात हवा ओढतो, तेव्हा भोकातून येणारी फुकटची हवा एकूण हवेत मोठी असते. थ्रॉटल उघडला की ती त्यात हरवते. पेट्रोलचा पंप थकला असता तर बहुधा उलट दिसलं असतं.

बॉनेट उघडून कान लावला. इंजिनाच्या वरच्या झाकणापासून इनटेक मॅनिफोल्डला जाणारी पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातले वायू परत आत ओढून नेणारी, रबरी नळी खालच्या अंगाने फाटली होती. वरून बघाल तर नवीकोरी. बोट दाबलं तसे सुस्कारे बंद झाले आणि इंजिनाचा सूर बदलला. नळी सहा डॉलर. आठवडाभराने ट्रिम अधिक तीनवर.

आता डोंगलच्या खोडी. एका वेळी चार आकडे मागितले की आलेख अडखळतो. जुन्या प्रोटोकॉलचा वेगच कमी, त्यामुळे फक्त सेन्सरचं व्होल्टेज लावा, बाकी बंद ठेवा. आणि सॉकेटात रात्रभर विसरू नका. मियाटाची बॅटरी डिकीत बसते, खेळण्याएवढी. दोन दिवसांत बसली माझी, मग शेजारच्या गुजराती काकांना जंपर केबल मागायची वेळ आली.

तिसरी गोष्ट खोडी नाही, पण कोड पुसायचं बटण फार जपून दाबा. पुसलं की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे मॉनिटर, कोरे होतात, आणि इन्स्पेक्शनला २००१पासूनच्या गाडीचा एकच मॉनिटर अपुरा असलेला चालतो. मी पेट्रोलची टाकी अर्ध्यावर ठेवून (फार भरलेली किंवा रिकामी असली की एव्हॅपची, म्हणजे पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेची, तपासणी सुरूच होत नाही) पाच दिवस ऑफिसला मियाटानेच गेलो. अॅपवर सगळे मॉनिटर हिरवे दिसल्यावर सरकारी लेनमध्ये फुकट इन्स्पेक्शन करून घेतलं. पास.

पाचपैकी चार तारे. एक तारा बॅटरीने खाल्ला. मागचा सेन्सर अजून तोच आहे, गाडीबरोबर आलेला.